शेजारच्या पेटीची साक्ष

त्याने पेटीवरचे टॉवेल एकेक करून उचलले आणि बाजूच्या फळीवर ठेवले. अकरा टॉवेल होते. खालचे दोन अजून ओलसर होते. त्यांच्याखाली फायरवॉलची काळी पेटी हात लावू देत नव्हती इतकी तापली होती, आणि तिचे चारही दिवे मात्र हिरवेगार होते, जसं काही घडलंच नाही.

"तिथे ऊब असते ना, म्हणून वाळत ठेवतात बाया," दारात उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या. "मी सांगून सांगून दमले."

त्याने सांगितलं की पेटीला हवा लागते, नाहीतर ती गुदमरते. सिस्टर म्हणाल्या, इथे माणसांना मिळत नाही हवा, पेटीचं काय घेऊन बसलात.

वृद्धाश्रमाची ही कपड्यांची खोली होती. तीन भिंतींना चादरी आणि अभ्रे छतापर्यंत रचलेले, आणि चौथ्या भिंतीवर एका फळीवर इंटरनेटचा सगळा संसार. जमिनीखालून काचेच्या तारेने येणारी मुख्य लाइन आणि तिचा मोडेम. गच्चीवरच्या अँटेनाकडून उतरणारी दुसरी लाइन आणि तिचा मोडेम. दोघांच्या मध्ये फायरवॉल. पहिली लाइन मेली की फायरवॉलने आपणहून दुसरीवर जायचं, आत बसलेल्यांना पत्ताही लागू नये, असं ते काम होतं. सात महिन्यांपूर्वी ते त्यानेच करून दिलं होतं.

तक्रार साधी होती. मागच्या आठवड्यात डॉक्टरांना पाठवलेले रक्ताचे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत गेलेच नव्हते. वार कोणता ते सिस्टरना आठवत नव्हतं. कॉम्प्युटर म्हातारा झालाय असं त्यांचं मत होतं, कारण इथले दिवे तर त्यांनी स्वतः येऊन पाहिले होते, चारही हिरवे.

तो एका उलट्या बादलीवर बसला. बसताना गुडघा वाजला. लॅपटॉप चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवला. बाहेर कुठेतरी घड्याळाने एकचा ठोका दिला तसा त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, फोन चाचपला आणि रिकामा परत आला. वीस वर्षं बरोबर एक वाजता बायकोचा फोन यायचा. जेवलात का, एवढंच विचारायची. तो कधी शिडीवर असायचा, कधी कुणाच्या टेबलाखाली, आणि जेवलेला असो वा नसो, हो म्हणायचा. ती गेल्यापासून एक वाजता फोन वाजत नव्हता, पण हाताला ते अजून कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने मागच्या आठवड्याचा आलेख उघडला. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळं वरखाली होत चाललेलं. गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मुख्य लाइनीची रेघ एकदम खाली बसली आणि पाच चाळीसपर्यंत तशीच पडून राहिली. अडीच तास. त्या अडीच तासांत दुसऱ्या लाइनीची रेघ जागची हललीसुद्धा नव्हती. म्हणजे पहिली मेली होती आणि फायरवॉल तिच्या उशाशी नुसती बसून राहिली होती.

हे असं कशाने होतं, ते त्याला माहीत होतं. आपल्या कामात तसं असणार नाही, असंही त्याला वाटलं. तरी त्याने पाहिलं.

फायरवॉल दर पाच सेकंदांनी कोणाला तरी हाक मारते. उत्तर आलं की लाइन जिवंत. सलग तीनदा आलं नाही की मेली असं समजून दुसरीकडे जाते. हाक कोणाला मारायची, ते काम करणाऱ्याने लिहून द्यायचं असतं. लॅपटॉपवरच्या त्या चौकटीत मोडेमचा पत्ता होता. शेजारच्याच फळीवरच्या, एका वितीवरच्या मोडेमचा. पलीकडे तार तुटो नाहीतर अख्खा रस्ता खचो, भिंतीतून वीज मिळते आहे तोवर तो मोडेम म्हणणार, आहे मी, सगळं ठीक आहे. नव्याने कामाला लागलेल्यांना तो हे पहिल्याच दिवशी सांगायचा. शेजाऱ्याला विचारू नका, लांबच्याला विचारा.

चौकटीखाली तारीख होती. बायको गेल्यानंतरचा नववा दिवस.

मेहुणा नको म्हणत होता. कंपनी मेहुण्याची होती, तो म्हणाला होता, महिनाभर घरी बसा. पण घरात माणसं फार होती आणि प्रत्येकजण हळू आवाजात बोलत होता, म्हणून तो पिशवी उचलून इथे आला होता. फायरवॉल आणि मोडेम यांच्यामधली केबल उपसून त्याने चाचणी घेतली असणार, दुसरी लाइन लागली असणार, आणि सही घेऊन तो निघाला असणार. त्या चाचणीत ही चूक सापडणं शक्यच नव्हतं, कारण केबल उपसली की शेजारीही गप्प होतो. खरी चाचणी मोडेमच्या मागची काचेची तार काढून घ्यायची असते, म्हणजे शेजारी बोलका राहतो आणि पलीकडचं जग तेवढं बंद पडतं. तो नेहमी दोन्ही चाचण्या घ्यायचा. त्या दिवशी का घेतली नाही, ते त्याला आठवेना. त्या दिवसाचं काहीच आठवेना. पायांत काय घातलं होतं तेही नाही.

"सिस्टर," त्याने हाक मारली. "गुरुवारी तीन दहा ते पाच चाळीस इथे इंटरनेट नव्हतं."

"गुरुवारी? शक्यच नाही."

सिस्टरनी सांगितलं ते असं. गुरुवार म्हणजे भेटींचा दिवस. लांबचे नातेवाईक आश्रमाच्या इंटरनेटवरच्या पानावर वेळ घेतात आणि त्या वेळेला टॅबवर समोरासमोर बोलतात. म्हातारी माणसं ऐनवेळी गोंधळतात म्हणून सिस्टर प्रत्येकाचं पान आधीच उघडून ठेवत. गेल्या गुरुवारी ड्रायव्हरकाकांच्या भावाची वेळ साडेतीनची होती. काका आश्रमात सगळ्यांत जुने, चाळीस वर्षं बस चालवलेले. त्यांचं पान सिस्टरनी स्वतः तीनच्या ठोक्याला उघडून दिलं होतं आणि ते व्यवस्थित उघडलं होतं. 'पलीकडच्या व्यक्तीची वाट पाहत आहोत,' असं त्यावर लिहून आलं. साडेतीन झाले, चार झाले, पाच झाले. काकांनी टॅब मांडीवरून खाली ठेवला नाही.

"चार-पाच वेळा विचारलं त्यांनी मला, नेट आहे ना म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "मी इथे येऊन दिवे बघितले. जाऊन सांगितलं, काका, आपलं सगळं चालू आहे. पलीकडूनच कोणी आलं नाही."

बोलता बोलता त्या थांबल्या.

"पान तीनला उघडलं," तो म्हणाला. "लाइन तीन दहाला गेली. उघडलेलं पान तसंच राहतं. वाट पाहतोय म्हणत."

सिस्टर चादरींना टेकल्या. बाकीचं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. त्याच्या आधीच्या गुरुवारी दोघा भावांचं वाजलं होतं. धाकटा बिड्या सोडा म्हणून मागे लागला होता, आणि काका सगळ्यांदेखत ओरडले होते की उपदेशच करायचा असेल तर फोन करत जाऊ नकोस. मग हा गुरुवार असा कोरडा गेला. शनिवारी पहाटे भाऊ गेला, झोपेतच. पुतणीने ऑफिसात फोन करून कळवलं. काका फोनवर यायला उठले नाहीत. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. ताट जसं जातं तसं परत येतं. काल डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात हलवावं लागेल.

"एकदाच बोलले माझ्याशी," सिस्टर म्हणाल्या. "म्हणाले, जन्मात त्याने माझं कधी ऐकलं नाही. हे एवढंच ऐकलं."

आज पुन्हा गुरुवार होता, आणि आजही साडेतीनची वेळ होती. पुतणी असणार. काकांनी सकाळीच सांगून टाकलं होतं की मला कोणाशी बोलायचं नाही.

त्याने मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याने सगळं ऐकून घेतलं, मग समजावणीच्या सुरात सांगितलं की पत्ता बदला, कागदावर 'यंत्रणा अद्ययावत केली' असं लिहा आणि निघा. तार लाइनवाल्यांची तुटली होती, ते काही खोटं नाही. याच संस्थेच्या आणखी तीन इमारतींचं काम ठरत आलं होतं. त्याने म्हटलं, खोटं नाही. मग म्हटलं, पण चूक माझी आहे.

"तेव्हा तुम्हाला कामावर येऊ दिलं, ती चूक माझी," मेहुणा म्हणाला. "सोडा ना भाऊजी. कोणाला कळणार आहे?"

त्याने फोन खिशात ठेवला आणि आधी काम केलं. मोडेमचा पत्ता खोडून दोन लांबचे पत्ते लिहिले, एकमेकांशी संबंध नसलेले, म्हणजे दोघंही गप्प झाले तरच लाइन मेली असं धरायचं. परत येताना घाई नको म्हणून लिहिलं की मुख्य लाइन पाच मिनिटं सलग नीट राहिली तरच तिच्यावर यायचं. लाइन बदलते तेव्हा चालू असलेलं बोलणं तुटतं. नव्याने लावलेलं बोलणं नव्या लाइनीवरून जातं, पण मध्यावर असलेलं गेलं ते गेलंच. मग त्याने लिहिलेलं दोनदा वाचलं. बोट ठेवून वाचलं. तोवर तीन वाजून गेले होते.

काका भिंतीपलीकडच्याच खोलीत, खिडकीशेजारच्या खाटेवर होते. भिंतीकडे तोंड, उजवा पाय लांब केलेला, डावा मुडपलेला. खुर्चीवर धुतलेला शर्ट घडी घालून ठेवला होता. तो खाटेपासून जरा अंतरावर उभा राहिला.

"काका, मी नेटवाला."

"टॅब तिकडे आहे. न्या."

"टॅबसाठी नाही आलो. माझी एक चूक सांगायला आलोय."

"सिस्टरला सांगा. माझ्याकडे तक्रारवही नाही."

"त्यांना सांगितली. पण ती तुमच्या वाट्याला आली."

त्याने सांगितलं. जमेल तितकं सोपं करून, पण काही न गाळता. काका हलले नाहीत. त्याला वाटलं, ऐकूच जात नाही. मग भिंतीकडूनच आवाज आला.

"म्हणजे काटा भरलेला दाखवत होता आणि टाकी कोरडी."

"तसंच."

"काटा कोणी बसवला?"

"मी."

काका हाताचा जोर लावून उठून बसले. आठवडाभराची दाढी वाढली होती. त्यांनी त्याला चपलांपासून वरपर्यंत पाहून घेतलं, जसं विनातिकीट उतारूकडे पाहावं.

"शिकाऊ आहात?"

"एकतीस वर्षं झाली."

"मग?"

त्याच्याकडे उत्तर होतं. ते खरंही होतं. पण ते या माणसाच्या काय कामाचं, म्हणून त्याने ते सांगितलं नाही.

"चुकलं," तो म्हणाला.

"एकतीस वर्षांनी चुकलात," काका म्हणाले, "आणि तेही माझ्या गुरुवारी."

खोलीत दुसऱ्या खाटेवरचे आजोबा घोरत होते. काकांनी तिकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"म्हणजे त्याने लावला होता फोन."

'हो' त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हातारा तेवढंच मागत होता.

"ते मला सांगता येणार नाही, काका. एवढंच खात्रीने सांगतो, की लावला असता तरी तो इथे पोचला नसता."

"हो म्हणाला असतात तर कोण बघायला जाणार होतं?"

"कोणी नाही."

काकांनी पाय खाटेखाली सोडले. मग त्यांनी किती वाजले ते विचारलं. तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. काकांनी खुर्चीकडे हनुवटी केली.

"तो शर्ट द्या इकडे. आणि सिस्टरला म्हणावं, चष्मा कुठे ठेवलाय माझा, तो बघा."

तो कपड्यांच्या खोलीत परत आला. राहिलेली चाचणी आता उरकून घ्यायला हवी होती. त्याने हात मागे घालून मोडेममधली काचेची तार हलकेच ओढून काढली. मोडेमच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला, एक बारका लाल दिवा लागला. तो तिथे कोणालाच दिसत नसे. पुढचे सगळे दिवे हिरवेच राहिले. तो मोजू लागला. सहा, सात, आठ. गेल्या वेळी हे मोजलं असतं तर. बारा, तेरा. सोळाला लॅपटॉपवरची पहिली रेघ खाली बसली आणि दुसरी उठली. फायरवॉल दुसऱ्या लाइनीवर गेली होती. आपणहून, कोणी न सांगता. सात महिने उशिरा.

आता तार परत लावायची, पाच मिनिटं थांबायचं आणि फायरवॉल मुख्य लाइनीवर परतते का ते पाहायचं, एवढंच उरलं होतं. त्याने तार मोडेमशी नेली आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे टॅब किणकिणला. पुतणी वेळेच्या आधीच आली होती.

"काका," तिचा आवाज भिंतीतून स्वच्छ येत होता. "ऐकू येतंय का?"

"येतंय. जरा मागे हो, नाकच दिसतंय तुझं."

तार त्याच्या हातात तशीच राहिली. हे बोलणं दुसऱ्या लाइनीवरून चाललं होतं. तार लावली असती तर पाच मिनिटांनी फायरवॉल मुख्य लाइनीवर परतली असती आणि बोलणं मध्येच तुटलं असतं. परत जाऊ नकोस असं पेटीला लिहून सांगता आलं असतं. पण आज त्याचा स्वतःच्या लिहिण्यावर भरवसा नव्हता, हातावर होता. तो तार धरून बादलीवर बसला.

पलीकडे आधी इकडचं तिकडचं झालं. काकांची दाढी, पुतणीचा खोकला. मग काकांनी घसा साफ केला.

"गेल्या गुरुवारी तुझा बाप काय करत होता?"

"काय करणार? बसले होते तुमची वाट बघत."

पलीकडे खाट करकरली.

"दाढीबिढी करून बसले होते," ती म्हणाली. "साडेतीनपासून. तुम्ही आलाच नाहीत. मी म्हटलं, ऑफिसात फोन लावते, तर नको म्हणाले. दादा रागावलाय, म्हणाले."

त्याने भिंतीवरची नजर काढून घेतली. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पान दोन्हीकडे उघडं होतं. दोन्हीकडे तेच वाक्य होतं. तो इकडच्या माणसाला सांगून मोकळा झाला होता. तिकडच्याला आता कोण सांगणार होतं?

"रागावलाय म्हणाला," काका म्हणाले.

"हो. आणि हसले. म्हणाले, रागावू दे पोटभर, पुढच्या गुरुवारी येईल. लगेच तिथे बसल्या बसल्या वेळ घेतली त्यांनी."

"कसली वेळ?"

"ही. आजची, साडेतीनची. मी नाही घेतली काका, मी नुसती येऊन बसले. म्हटलं, बाबांनी घेतलेली वेळ आहे, रिकामी कशी घालवायची?"

मग काहीच ऐकू येईना. एक मिनिट गेलं. त्याने घाईने लॅपटॉप पुढे ओढला. दुसऱ्या लाइनीची रेघ नीट हलत होती. लाइन चालू होती, काही तुटलं नव्हतं. दोघंजण नुसती बसली होती.

"शर्ट कोणता घातला होता त्याने?" काकांनी विचारलं.

"कधी?"

"गुरुवारी."

ती आठवून सांगू लागली.

सिस्टर कामाचा कागद घेऊन आत आल्या. डावा हात तारेत अडकलेला होता, म्हणून त्याने कागद मांडीवर ठेवून उजव्या हाताने लिहिलं. 'बिघाडाचे कारण' या रकान्यात मेहुण्याने सांगितलं होतं ते लिहिलं नाही. तपासणीचा पत्ता मी चुकीचा दिला होता, असं लिहिलं, तारीख घातली आणि खाली सही केली. सिस्टरनी ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"झालं ना मग तुमचं?"

"ही तार लावली की झालं."

"मग लावा की. सव्वाचार होत आले. तुमची घरी कोणी वाट बघत नाही का?"

त्याने मान भिंतीकडे वळवली. पलीकडे काका पुतणीला काहीतरी जुनं सांगत होते. कोणत्यातरी घाटात बस बंद पडली होती, धाकटा भाऊ बरोबर होता, तेव्हा दहा वर्षांचा. तिने हे आधी ऐकलेलं दिसत होतं, कारण मध्येच ती त्यांना दुरुस्त करत होती, आणि काका म्हणत होते, तू होतीस का तिथे, मी होतो.

"त्यांचं होऊ दे," तो म्हणाला.

सिस्टर बाहेर गेल्या आणि त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं. त्याने तार डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.